प्रकल्प नोंदी: कुंडी सुकायला किती दिवस लागतात

१६ फेब्रुवारी

गच्चीवरच्या झाडांची मांडणी या वर्षी नव्याने करायची आहे. आतापर्यंत ती जातवारीने होती: भिंतीलगतच्या लोखंडी रॅकवर पाने-खोडात पाणी साठवणारी सगळी मांसल झाडे, शेडनेटखाली ऑर्किड आणि कठड्याशी जास्वंद, इक्झोरा, बोगनवेल, चाफा अशी फुलझाडे. पाहणाऱ्याला ती नीटनेटकी वाटे आणि पाणी घालणाऱ्याला सोयीची. मात्र गेल्या पावसाळ्यात ५२ कुंड्यांपैकी ११ कुंड्यांतली झाडे गेली, आणि त्यांची यादी करताना असे लक्षात आले की त्यांतली नऊ मुळे किंवा बुंधा कुजून गेली होती, दोन किडीने गेली होती आणि पाण्याअभावी एकही गेले नव्हते. शिवाय कुजलेली नऊ झाडे तिन्ही बाजूंची होती. म्हणजे झाड कोणत्या जातीचे आहे यापेक्षा त्याच्या मुळांभोवती ओल किती दिवस टिकते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा असावा.

या अंदाजाची पारख करण्यासाठी हा प्रकल्प आहे. प्रत्येक कुंडी किती दिवसांत सुकते ते मोजायचे आणि मग झाडांची मांडणी त्या आकड्याप्रमाणे करायची. मोजण्याची रीत साधी ठेवली आहे. कुंडीला खालच्या भोकांतून पाणी वाहीपर्यंत भिजवायचे, अर्धा तास निथळू द्यायचे, वजन करायचे आणि त्यानंतर रोज सकाळी सातला पुन्हा वजन करायचे. एका दिवसातली घट दहा ग्रॅमच्या खाली आली की कुंडी सुकली असे मानायचे. मोठ्या कुंड्या रोज उचलणे शक्य नाही, त्यामुळे त्यांच्यात बांबूची काडी तळापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी ती ओली निघते की कोरडी, एवढेच पाहायचे.

१९ फेब्रुवारी

झाडांना हात लावण्याआधी नुसती मिश्रणे तपासायला घेतली. पंधरा सेंटिमीटर तोंडाच्या पाच कुंड्या भरल्या. पहिलीत बागेची माती, शेणखत आणि वाळू समभाग, कुंडी प्लॅस्टिकची. दुसरीत तेच मिश्रण, पण कुंडी मातीची. तिसरीत विटांचे बोराएवढे तुकडे, कोळसा आणि जेमतेम पाचवा भाग कंपोस्ट. चौथीत नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि कोळसा. पाचवीत पहिलीचेच मिश्रण, पण तळाला दोन बोटे खड्यांचा थर, कारण पाण्याचा निचरा व्हावा म्हणून तळाशी खडे घालावेत, असे लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि निमूटपणे तसे करतही आलो आहे.

२८ फेब्रुवारी

नऊ दिवसांचे आकडे हाती आले. पहिल्या कुंडीचे भिजल्यानंतरचे वजन २,३१० ग्रॅम होते. पहिल्या दिवशी त्यातून ८४ ग्रॅम पाणी गेले, पाचव्या दिवशी ३१ आणि नवव्या दिवशी १७, म्हणजे ती अजून सुकलेली नाही. वरची माती मात्र तिसऱ्याच दिवशी पांढरी पडून तडकली होती, आणि एरवी मी त्याच दिवशी झारी उचलली असती. तेच मिश्रण मातीच्या कुंडीत सहा दिवसांत सुकले, कारण तिथे पाणी वरून आणि अंगातून असे दोन्हीकडून उडते. विटांची कुंडी चौथ्या दिवशी संपली: ९२, ६१, २४, ८. सोडणाची कुंडी पाचव्या दिवशी सुकली, पण तिचे वागणे फसवे आहे. बाहेरचे तुकडे दुसऱ्या दिवशी खडखडीत वाटतात आणि मधला तुकडा तोडून पाहिला तर आत पाणी असते.

पाचव्या कुंडीने मात्र जुनी समजूत मोडली. ती पहिलीपेक्षा लवकर सुकलीच नाही. आज ती उलटी करून पाहिली तेव्हा खडे कोरडे होते आणि त्यांच्या नेमक्या वर तीन बोटे उंचीचा चिखल होता. बारीक कणांच्या मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांमध्ये सहज उतरत नाही. माती ते धरून ठेवते आणि कुंडीच्या तळाशी एरवी जो चिंब थर राहायचा तोच खड्यांच्या उंचीएवढा वर, मुळांच्या आणखी जवळ सरकतो. ओला स्पंज आडवा धरून निथळू द्यावा आणि पाणी थांबल्यावर तोच उभा करावा, म्हणजे त्यातून आणखी पाणी गळते. चिंब थराची जाडी स्पंजाच्या छिद्रांवर ठरते आणि उभ्या स्पंजात त्या थराला जागा कमी मिळते. कुंडीचेही तसेच आहे. उथळ कुंडीत तोच थर निम्मी कुंडी व्यापतो, उंच कुंडीत तळाचा एक भाग. मांसल झाडे शोभेसाठी पसरट ताटल्यांमध्ये लावण्याची जी पद्धत आहे तिचा धोका इथे आहे. ताटलीच हवी असेल तर आतले मिश्रण जाड कणांचे असायलाच हवे.

तळाला खडे घालणे आजपासून बंद. भोकावर जाळीचा तुकडा पुरेसा आहे.

३ मार्च

अडेनियमच्या नऊ कुंड्या रिकाम्या केल्या. हे झाड मूळचे आफ्रिकेतल्या सहाराच्या दक्षिणेकडील कोरड्या पट्ट्यातले, पूर्व आफ्रिकेतले आणि अरबस्तानातले. त्याचे नाव अरबस्तानातल्या एडन या गावावरून आले आहे. १७७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, वनस्पतिशास्त्रज्ञ फोर्स्कल यांच्या ग्रंथात त्याची गणना कण्हेरीच्या प्रजातीत केलेली होती आणि ती चूक समजण्यासारखी आहे, कारण कण्हेर, चाफा, तगर, सदाफुली आणि अडेनियम ही सगळी एकाच कुळातली आहेत. ‘ओबेसम’ या जातिनामाचा अर्थ लठ्ठ असा आहे. तो लठ्ठ बुंधा म्हणजे पाण्याचे कोठार, आणि कोठार भरलेले असताना खालून सतत पाणी येत राहिले तर ते आतून कुजते.

मुळे धुऊन पाहिल्यावर तीन झाडांची खालची मुळे तपकिरी आणि पोकळ निघाली; बोटाने ओढली की साल हातात यायची आणि आतला दोरा तेवढा राहायचा. ती कापून टाकली, बाकीच्या झाडांची बारीक मुळे तिसऱ्या हिश्शाने छाटली आणि सर्व झाडे आठ दिवस सावलीत कोरडी पडू देणार आहे. नव्या कुंडीत लावताना बुंधा आधीपेक्षा दोन सेंटिमीटर वर उचलायचा आहे. दर वेळी थोडा वर घेत गेले की जाड मुळे उघडी पडून झाडाला रूप येते. हातमोजे घातले होते. या झाडाच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी विषे असतात आणि आफ्रिकेत तो बाणांना लावण्यासाठी वापरला गेला आहे, त्यामुळे इथे निष्काळजीपणा परवडत नाही.

१४ मार्च

सोडणाचे तुकडे तिसऱ्यांदा भिजत घातले. पहिल्या दिवशीचे पाणी काळपट लाल होते, आज ते फिके पिवळे आहे. सोडणात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार मुरलेले असतात. न धुता वापरले तर ऑर्किडच्या मुळांची टोके करपतात.

ही मुळे जवळून पाहण्यासारखी असतात. कोरडी असताना ती चांदीसारखी पांढुरकी दिसतात, आणि त्यांच्यावर पाण्याचा थेंब सोडला की तो पसरता पसरता डोळ्यांदेखत मूळ हिरवे होते. बाहेरचे पांढरे आवरण मृत, पोकळ पेशींचे असते. ते पावसाचे पाणी टिपकागदासारखे शोषते, आणि पोकळ्या पाण्याने भरल्या की आवरण पारदर्शक होऊन आतला हिरवा भाग दिसू लागतो. म्हणजे पाणी कधी घालायचे हे सांगणारी खूण झाडावरच आहे, वजनकाट्याचे काम नाही: मुळे पांढरी झाली की पाणी, हिरवी असतील तर थांबायचे. फक्त यासाठी मुळे दिसायला हवीत. म्हणून फॅलेनॉप्सिस या ऑर्किडच्या सहाही झाडांना पारदर्शक प्लॅस्टिकच्या कुंड्या दिल्या आहेत.

व्हँडाच्या दोन झाडांना मिश्रणच दिलेले नाही. ती लाकडी टोपलीत नुसती लटकवली आहेत, कारण त्यांची जाड मुळे तासाभरात पांढरी होतात आणि ती तशी व्हावीत हेच योग्य आहे. त्यांना उन्हाळ्यात रोज एकदा, कधी दोनदा भिजवावे लागेल. या प्रजातीचे नाव संस्कृतातल्या ‘वन्दा’ या शब्दावरून आले आहे. तो शब्द दुसऱ्या झाडावर वाढणाऱ्या, बांडगुळासारख्या वनस्पतींसाठी होता. ऑर्किड मात्र यजमानाचा रस शोषत नाही, फक्त त्याच्या फांदीवर बसते. तो घरात राहणारा भाडेकरू आहे, चोर नाही.

२७ मार्च

इचेवेरिया या मांसल झाडाच्या उरलेल्या चार रोपांबाबत निर्णय घेतला: ती ज्यांच्याकडे गारवा आहे अशांना देऊन टाकायची आणि पुन्हा आणायची नाहीत. फोटोत दिसणारे निळसर-गुलाबी गुलाबासारखे झुबके आपल्याकडे दोन महिन्यांत हिरवे पडतात, लांबट होतात आणि पहिल्या दमट आठवड्यात खालून सडतात. यात मिश्रणाचा दोष नाही. विटांच्या मिश्रणातली कुंडी चार दिवसांत सुकत होती, तरीही हेच झाले.

कारण रात्रीत आहे. बहुतेक मांसल झाडे पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची हवा घेणारी बारीक छिद्रे, दिवसा मिटून घेतात आणि रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवून दिवसा उजेडात त्याची साखर करतात. भारतात काम केलेल्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१३ मधल्या एका पत्रात लिहिले होते की पानफुटीचे पान सकाळी चाखले तर आंबट लागते, दुपारपर्यंत बेचव होते आणि संध्याकाळी कडवट. त्याने हा शोध जिभेने लावला होता. रात्र गार असेल तर हा व्यवहार फायद्याचा ठरतो. इचेवेरियाच्या बहुतेक जाती मेक्सिकोच्या डोंगराळ प्रदेशातल्या, जिथे दिवस कितीही तापला तरी रात्र उतरते. जिथे रात्रीही पारा २७-२८ अंशांच्या खाली जात नाही, तिथे झाड रात्रभर श्वसनातच साठा खर्च करत राहते.

म्हणून उष्ण सखल भागासाठी मांसल झाडे निवडताना त्यांचे मूळ गाव विचारावे. मादागास्करची युफोर्बिया मिली आणि पॅकिपोडियम, अरबस्तानचे अडेनियम, उष्ण आफ्रिकेतली सॅन्सेव्हेरिया आणि पानफुटीची भावंडे असलेल्या कलांचोच्या बऱ्याच जाती उकाड्याच्या रात्री सहन करतात. हॉवर्थिया मधल्यामध्ये आहे: ती कडक उन्हाळ्यात झोपते, आणि झोपेत तिला पाणी पाजले तर उठत नाही.

फॅलेनॉप्सिस, कॅटलिया आणि डेंड्रोबियम या ऑर्किडांच्या अनेक जातीसुद्धा रात्रीच हवा घेतात. फांदीवर बसलेल्या झाडाच्या वाट्याला पावसानंतर काही तासांतच दुष्काळ येतो, त्यामुळे वाळवंटी झाडाची युक्ती त्यांनाही लागते. रॅकवरची झाडे आणि शेडनेटखालची झाडे यांच्यात मी मानत होतो तेवढे अंतर नाही, याचा हा पहिला पुरावा.

९ एप्रिल

चूक. हॉवर्थियाचे दोन ट्रे जागा बदलताना दुपारभर उघड्या उन्हात राहिले. पानांवर पांढरट डाग पडले आहेत, ते आता जाणार नाहीत. उन्हाची सवय आठवड्या-आठवड्याने वाढवावी लागते, हे माहीत असून झाले.

२१ एप्रिल

कठड्याकडच्या झाडांची मोजणी संपली. बोगनवेल बारा इंची मातीच्या कुंडीत दोन दिवसांत काडी कोरडी देते, आणि ती कोरडी ठेवली तरच फुलते. मार्चमध्ये तिचे पाणी पाने मलूल होईपर्यंत तोडले होते, आता पानापेक्षा रंग जास्त आहे. रंग म्हणजे अर्थात सहपत्रे, फुलाभोवतीची रंगीत पाने. खरी फुले ती मधली पांढरी, बारीक नळीसारखी. युफोर्बिया मिलीचीही गंमत तीच आहे, तिच्या ‘पाकळ्या’ही सहपत्रेच आहेत. चाफा पाने गाळून उभा आहे आणि त्या अवस्थेत त्याला जवळजवळ पाणी नकोच. त्याची दोन फुटांची एक फांदी कापून चीक सुकण्यासाठी दोन आठवडे आडवी ठेवली आहे. ओली फांदी लगेच रोवली की ती हमखास कुजते.

जास्वंद आणि इक्झोरा यांचे वळण वेगळे. त्यांची रंध्रे दिवसा उघडी असतात, त्यामुळे जितके ऊन तितका पाण्याचा खर्च. इथे माझा उत्साह नडला. विटांच्या मिश्रणाचे आकडे पाहून मी दोन इक्झोरा त्यात लावल्या होत्या आणि त्या दुपारी बारालाच माना टाकू लागल्या. एक वाचली, तिला पुन्हा माती दिली आहे. दुसरी गेली. पाण्याअभावी गेलेले हे माझ्या नोंदींतले पहिले झाड.

६ मे

नवी मांडणी पूर्ण झाली. आता गच्चीवर जाती नाहीत, दिवस आहेत. पहिल्या रांगेत ज्यांना पूर्ण सुकून वर आठवडाभर कोरडे राहणे मानवते ती झाडे: अडेनियम, पॅकिपोडियम, युफोर्बिया, सॅन्सेव्हेरिया, हॉवर्थिया, आणि त्यांच्या जोडीला चाफा व बोगनवेल. दुसऱ्या रांगेत सुकताक्षणी पाणी मागणारी झाडे: डेंड्रोबियम, कॅटलिया, होया. तिसरीत फॅलेनॉप्सिस, ज्यांना पूर्ण सुकणे खपत नाही आणि ओले राहणेही खपत नाही. चौथीत जास्वंद, इक्झोरा, अँथुरियम, हेलिकोनिया. व्हँडा रांगेत बसत नाहीत, त्या लटकत आहेत.

सर्वांत मोठा प्रवास ब्रह्मकमळाचा झाला. घरोघरी या नावाने ओळखले जाणारे हे झाड म्हणजे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले एपिफिलम, एक निवडुंग. खरे ब्रह्मकमळ हिमालयात उंचावर होते आणि ते सूर्यफुलाच्या कुळातले आहे. निवडुंग म्हणून मी त्याला वर्षानुवर्षे अडेनियमशेजारी, कडक उन्हात ठेवत आलो, आणि ते पिवळे पडून जेमतेम जगत आले. पण ते पावसाळी जंगलात झाडांच्या बेचक्यांत, कुजलेल्या पालापाचोळ्यात वाढते. त्याला सोडण, कोळसा आणि पानांचे खत दिले, शेडनेटखाली डेंड्रोबियमशेजारी टांगले. निवडुंगाची जागा ऑर्किडच्या रांगेत आहे, हे या मांडणीतून निघालेले सर्वांत उपयोगी वाक्य.

२६ मे

एपिफिलमला एक कळी आहे. जे पान वाटते ते त्याचे चपटे खोड. कळी त्याच्या कडेच्या खाचेतून निघते. पंधरा दिवस ती खाली लोंबत होती. परवा तिची नळी इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखी वर वळली आणि तोंड समोर आले, म्हणजे आता एक-दोन रात्रींची गोष्ट.

२७ मे

फूल काल रात्री उमलले. साडेआठला बाहेरच्या तपकिरी-गुलाबी पाकळ्या सुट्या झाल्या. साडेनऊच्या सुमाराला टोकाशी बोट जाईल एवढे तोंड उघडले आणि वास आला. त्यानंतर पाकळ्या इतक्या वेगाने मागे जात होत्या की नजर एका जागी रोखली तर हालचाल कळत होती, मधूनच एखादी पाकळी शेजारणीपासून सुटताना किंचित उडत होती. अकराला तळहाताहून मोठे फूल पूर्ण उघडे होते. आत पुंकेसरांची दाटी आणि त्यांतून पुढे आलेला, टोकाशी चांदणीसारखा फुटलेला पांढरा स्त्रीकेसर. सकाळी सहाला सगळे मान टाकून लोंबत होते. वजन करायचे राहून गेले.

१२ जून

पहिला मोठा पाऊस. पहिल्या रांगेवर पारदर्शक पत्रा चढवला आहे, बाजू मोकळ्या ठेवल्या आहेत. चौथी रांग पावसात सोडली.

२९ जून

डेंड्रोबियमच्या एका कोवळ्या कांडीवर तळाशी काळा, पाणथळ डाग दिसला आणि दुसऱ्या दिवशी तो एक सेंटिमीटर वर सरकला होता. हा काळा कुजवा पावसाळ्यात वाट पाहत नाही. कांडी निरोगी भागापासून कापून टाकली, कात्री प्रत्येक कापानंतर स्पिरिटने पुसली, झाड पावसाबाहेर काढले. पानगळ झालेल्या जुन्या कांड्या मात्र ठेवल्या आहेत. त्या वाळक्या दिसल्या तरी नव्या कांडीची शिदोरी त्यांच्यात असते आणि त्यांच्यावरही फुले येऊ शकतात. स्वच्छतेच्या नादात त्या कापणे ही सर्रास होणारी चूक आहे.

फॅलेनॉप्सिस तिरपी करून बसवली. निसर्गात ती खोडावर अशी वाढते की पाने खाली झुकतात आणि पाणी ओघळून जाते. आपण तिला कुंडीत सरळ उभी करतो, मग पानांच्या मधल्या खोबणीत पाणी साचते आणि कोंबच सडतो. या झाडाला वाढीचे टोक बहुधा एकच असते, ते गेले की पुढची वाढ थांबली.

१८ जुलै

अडेनियमपैकी सर्वांत जुन्या झाडाची पाने दोन दिवसांत पिवळी पडून गळाली. बुंधा अंगठ्याने दाबला तर डाव्या बाजूला ओल्या स्पंजासारखा दबला. हे झाड पत्र्याच्या कडेला होते आणि वाऱ्याबरोबर येणारी झड त्याच्यावर रोज पडत होती.

कुंडीतून काढून कापायला घेतले. पहिल्या कापात तपकिरी पाणी आणि आंबूस वास आला. दुसऱ्या आणि तिसऱ्या कापात तपकिरी रंग कडेला सरकत गेला. चौथ्या कापानंतर गर पांढरा, घट्ट आणि स्वच्छ दिसला, पण मध्याजवळ टाचणीच्या डोक्याएवढा एक ठिपका राहिला होता. तो सोडून देण्याचा मोह झाला. सुरीचे टोक घालून कोरला, तेव्हा तो आत नखभर खोल गेलेला निघाला. तो संपेपर्यंत कोरले, गंधकाची भुकटी लावली आणि झाड कोरड्या जागी टांगले. बुंध्याचा जवळजवळ निम्मा भाग गेला. आठ वर्षे वाढवलेला आकार होता, त्याचे वाईट वाटते.

१० ऑगस्ट

फेब्रुवारीतली विटांची रिकामी कुंडी मुद्दाम पुन्हा भिजवून मोजली. तेव्हा ती चौथ्या दिवशी सुकली होती, आता तिला नऊ दिवस लागले. मिश्रण तेच, कुंडी तीच. हवेतल्या दमटपणाने आकडा दुपटीहून वर गेला. म्हणजे ‘ही कुंडी चार दिवसांची’ असे म्हणणे चुकीचे होते. ती फेब्रुवारीमधली चार दिवसांची आणि ऑगस्टमधली नऊ दिवसांची. रांगांवर लावलेल्या पाट्यांवरचे आकडे खोडून टाकले, रांगा मात्र तशाच ठेवल्या, कारण झाडांचा आपसांतला क्रम बदललेला नाही.

त्याच कुंडीवर दुसऱ्या खेपेला टेबलपंखा रात्रंदिवस मंद गतीने चालू ठेवणार आहे.

१७ ऑगस्ट

पंख्याखाली ती पाच दिवसांत सुकली. पहिल्या दोन रांगांना पंखा कायमचा लावला आणि कुंड्यांमध्ये वीतभर अंतर वाढवले. बुरशीनाशकावर जेवढी मेहनत घेतली त्याच्या निम्मी वाऱ्यावर घेतली असती तर बरे झाले असते.

५ सप्टेंबर

टांगलेल्या अडेनियमचा काप सुकून चामड्यासारखा झाला आहे. कोरड्या विटांच्या चुऱ्यात नुसते टेकवून ठेवले, पाणी अजून नाही.

३० सप्टेंबर

कोरड्या रांगेचाही एक हिशेब चुकता करावा लागला. हॉवर्थियाची दोन झाडे विनाकारण खंगत होती. कुंडीतून काढल्यावर मातीच्या गोळ्याभोवती आणि कुंडीच्या आतल्या अंगाला कापसासारखी पांढरी पूड दिसली: मुळांवरचा पिठ्या ढेकूण. त्याला कोरडी, न हललेली कुंडीच आवडते. मुळे पूर्ण धुतली, जुने मिश्रण फेकले, कुंड्या उकळत्या पाण्याने धुतल्या. एक झाड गेले. आता पहिल्या रांगेतली दर महिन्याला एक कुंडी नमुना म्हणून उपसून पाहायची.

२१ ऑक्टोबर

अर्ध्या बुंध्याच्या अडेनियमला शेंड्याशी चार पाने फुटली. हळूच उचलून पाहिले तर कापाच्या कडेने पांढऱ्या मुळांची झालर आली आहे. पहिले पाणी आज दिले, अर्धा पेला.

१५ नोव्हेंबर

वर्षाची नोंद पूर्ण करायला यादी पुन्हा काढली. आधीच्या ११ गेलेल्या वजा करता आणि इचेवेरियाच्या चार देऊन टाकल्यावर ३७ कुंड्या उरल्या होत्या, चाफ्याची रुजलेली फांदी धरून ३८. गेलेली झाडे तीन: एक इक्झोरा तहानेने, एक हॉवर्थिया किडीने आणि एक कॅटलिया कुजून. कॅटलियाचे कारण शोधले तेव्हा तिच्या कुंडीच्या तळाशी मीच पूर्वी घातलेले खडे सापडले. तिची कुंडी मार्चमध्ये बदलायची राहिली होती.

गेल्या तीन आठवड्यांत रात्रीचा पारा १९ ते २१ अंशांपर्यंत उतरतो आहे. फॅलेनॉप्सिसला फुलदांडा काढायला साधारण २६ अंशांच्या खालचा गारवा काही आठवडे सलग लागतो, त्यामुळे उष्ण भागात ती बाराही महिने फुलवता येत नाही, हा मोसम पकडावा लागतो. आज तिसऱ्या रांगेतल्या दुसऱ्या झाडाच्या पानाच्या बगलेतून हिरवे टोक बाहेर आलेले दिसले. मूळ असते तर टोक गोल आणि गुळगुळीत असते. हे किंचित चपटे आहे आणि भिंगातून पाहिल्यावर त्याच्या एका बाजूला हातमोज्याच्या अंगठ्यासारखी बारीक घडी दिसते. कुंडीची जी बाजू उजेडाकडे आहे ती आता फिरवायची नाही, नाहीतर दांडा वाकडा वाढेल. कुंडीवर खडूने खूण केली आहे. मुळे अजून हिरवी आहेत, पाणी परवा.